शेवटच्या डब्यातले हॉप्स

हे गेले. यांच्या पुण्यानुमोदनाचे पाहुणे परतले आणि दुसऱ्या दिवशी मला न्हाणीघरातला डबा आठवला. ओल्या चादरीत गुंडाळलेला, वीस लिटरचा. आत यांची बिअर आंबत होती. खाणीतून रिटायर झाल्यावर लागलेला नाद. सामान नातीने पुण्याहून आणून दिलेलं. झाकणावर यांच्या अक्षरात चिठ्ठी : सातव्या दिवशी हॉप्स. डबा लावून आज बारा दिवस झाले होते.

मला रडू आलं नाही. तेव्हा काहीच येत नव्हतं. भूकही नाही.

तशी मी मोठी शीलवान बाई. विशीत चंद्रपूरला नांदायला आले तीच अंगात महिला मंडळ घेऊन. सासूने भिजत घातलेल्या मोहफुलांचं मडकं मी लाथेने फोडलं, दारूबंदी झिंदाबाद ओरडत. फुलं बैलांसाठी होती. पंचशील म्हणताना पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलाला आवाज चढवून यांच्याकडे बघायची. बैलांची माफी मात्र कधी मागितली नाही.

हे दर वेळी ग्लास पुढे करायचे. ‘‘ओ बाई, वास तं घे. वास घ्याले शील नाई मोडत.’’

मी तोंड फिरवायची.

नातीला फोन लावला.

‘‘आजी, फेकून दे नं. तुले काऊन त्रास?’’

‘‘त्याईची शेवटची आहे. खराब नाई होऊ देत मी. सांग.’’

‘‘हात धू. फ्रीजमधलं पाकीट पूर्ण टाक आन् झाकण लगेच लाव. हवा लागली का बिघडते.’’

हॉप्स म्हणजे एका वेलीची कडवट फुलं, वाळवून दाबलेल्या हिरव्या गोळ्या. गुरांना घालतात त्या शेंगदाण्याच्या ढेपेसारख्या दिसतात. शेवटी टाकतात ते नुसत्या वासासाठी. पाकीट रिकामं केलं. गोळ्या तरंगल्या, फुगल्या, फुटल्या. संत्र्याच्या सालीचा वास आला. मी बघत उभी राहिले. दूधवाल्याने कडी वाजवली तेव्हा कळलं, झाकण माझ्या हातातच आहे. तो येतो साडेदहाला. मी नऊला आत गेले होते.

पाच दिवसांनी नात आली. तिने बाटल्या भरल्या, पंधरा दिवस ठेवल्या, मग एक फोडली. सोनेरी असायची ती बिअर चहासारखी तपकिरी झाली होती. तिने घोट घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘ओल्या पुठ्ठ्यासारखी लागून राह्यली, आजी. वास तं गेलाच सारा. आबाची अशी नव्हती.’’

‘‘कशी होती?’’

ती सांगू लागली. आंबा म्हणाली, संत्रं म्हणाली, मग थांबली. ‘‘तू कधी घेतलीच नाईस काय? एकदाबी?’’

मी तिच्या हातातला ग्लास घेतला आणि प्यायले. कडू होती. मला तर बरी लागली. कशाशी ताडून बघायची?

‘‘राहू दे,’’ म्हटलं. ‘‘ओतू नको.’’