मामा वाट चुकेल म्हणून

दारव्ह्याच्या एका क्लासमध्ये मी स्पर्धा परीक्षेच्या पोरांना इंग्रजी शिकवते. त्या आठवड्यात लिहिण्याचे आणि गोष्टी सांगण्याचे शब्द घेतले होते. इन्स्क्रिप्शन म्हणजे कोरलेला मजकूर, ॲनेक्डोट म्हणजे छोटासा किस्सा. रॅकाँटर म्हणजे ज्याच्या तोंडून गोष्ट ऐकतच राहावी असा माणूस. या शब्दाला मला उदाहरण शोधावं लागलं नाही, ते घरातच होतं. बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. स्वरयंत्र काढावं लागेल, पुन्हा आवाज येणार नाही, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

नागपूरला निघायच्या दिवशी सकाळपासून माझा पाय घरात ठरेना. मला त्यांची एक गोष्ट मोबाईलमध्ये भरून घ्यायची होती. पण त्यांचा आवाज सकाळीच काय तो निघायचा, दुपारनंतर नुसती हवा. आणि गोष्ट सांगायची ती दिवेलागणीनंतरच, हा त्यांचा जन्माचा नेम. दिवसा गोष्ट ऐकली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो. त्यात माझा मामा तेव्हाच कळंबहून गाडी घेऊन आम्हाला न्यायला निघालेला.

मामाच्या मोबाईलमध्ये नकाशा आहे, मी चिडून म्हणाले.

"नकाशा असो का काही असो," बाबा म्हणाले. "तुहा मामा रस्त्यानं हाय. दिवसा गोष्ट नाही सांगत मी."

मी बॅग भरली, उपसली, परत भरली. आईनं मला दोनदा दटावलं. बाबा मात्र निवांत, माझी शब्दांची यादी घेऊन बसले आणि एकेका शब्दाचा अर्थ विचारू लागले. उरलासुरला आवाज हा माणूस माझ्या क्लासच्या शब्दांवर उधळत होता! मी भराभरा अर्थ सांगत गेले आणि एपिटाफवरून बोट पुढे नेलं. थडग्यावर कोरलेल्या ओळी, हे त्या सकाळी मला तोंडातून काढवेना.

"हा कायले सोडला?"

परीक्षेत येत नाही, मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि यादी बाजूला ठेवली.

हॉर्न वाजला. मामा चप्पल काढून आत येतो न येतो तोच बाबा सरसावून बसले. "आला न मामा घरात? आता कायचा चुकते. कर मोबाईल चालू."

गोष्ट एका म्हाताऱ्याची होती. आठवडी बाजारात त्याची सावली हरवते आणि तो दुकानोदुकानी विचारत फिरतो. बाबांनी बांगडीवालीचा आवाज काढला, शेळीचाही काढला. मधेच खोकले, पाणी प्यायले. मामा चहाचा कप घेऊन दारातच उभा, घड्याळ बघत. दवाखान्यात वेळेत भरती व्हायचं होतं. म्हाताऱ्याला चिंचेखाली कोणाची तरी सावली बसलेली दिसली आणि मामा म्हणाला, भाऊजी, निघा आता.

"बाकीची आल्यावर सांगतो," बाबा म्हणाले. आयुष्यभर म्हणत आले तसंच, सवयीनं. मग त्यांचं त्यांनाच कळलं. आई बॅग घेऊन बाहेर गेली. मी मोबाईल बंद केला आणि मला रडू आवरलं नाही.

गाडी यवतमाळच्या पुढे गेल्यावर बाबा माझ्याकडे वळले. आवाज बसत चालला होता.

"अर्ध्या राह्यलेल्या गोष्टीले इंग्रजीत काय म्हणते व?"

बघून सांगते, मी म्हणाले. नागपूरपर्यंत त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, आणि नंतर त्यांना विचारता आलं नाही.