किल्ली आतच होती

नांदगावला आमच्या दोन खोल्यांना कुलूप लागायचं ते फक्त एखाद्या लग्नाला सगळेच निघालो तर. एरवी दाराची कडी आणि कडीत अडकवलेला लाकडाचा तुकडा, एवढ्यावर भागायचं. त्यामुळे पदवी घेऊन नाशिकला नोकरीला आले तेव्हा कुलपांतलं मला काहीही कळत नव्हतं. आणि चौथ्याच महिन्यात डॉक्टर मॅडमनी मला नेमकी कुलपं निवडायला सांगितली.

आमचं तपासणी केंद्र आहे. रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी; तीन मजले. मी तिथलं ऑफिस सांभाळते. दारांना कार्डाची यंत्रणा आहे. कार्ड दाखवलं की खटका सुटतो. पण वीज गेली किंवा यंत्र बिघडलं तर उघडता यावं आणि सुट्टीला दार पक्कं बंद करता यावं, म्हणून प्रत्येक दारात किल्लीचं सिलिंडरही असतं. सिलिंडर म्हणजे किल्ली जाते तो कुलपाचा पितळी गाभा. किल्ली फिरवली की लोखंडी दांडा चौकटीत जातो, आणि एकदा दांडा गेला की कार्डाचं काही चालत नाही. आमची जुनी सिलिंडरं वर्षातच झिजली होती. दोनदा किल्ली आत तुटली.

मॅडम म्हणाल्या, "पुन्हा पुन्हा बदलावी लागणार नाहीत अशी टिकाऊ बघ. तूच ठरव, मला विचारू नकोस."

त्यांनी ते विश्वासाने म्हटलं होतं. मला मात्र त्या दिवशी डबा खाववला नाही. माझे वडील मार्केटात हमाली करतात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. बारावीनंतर फॉर्म कसा भरायचा हे सांगायला शाळेतल्या बाई दोनदा घरी आल्या होत्या. मी चुकले तर एकटी चुकणार नाही, या सगळ्यांना खाली बघायला लागेल, असं मला सारखं वाटायचं. अजूनही वाटतं.

मग मी परीक्षेसारखा अभ्यास केला. वहीत तक्ता आखला. पितळ किती जाड, आत पिना किती, किल्ली किती हजार वेळा फिरवून तपासलेली, डुप्लिकेट किल्ली कोणालाही बनवता येते की नाही. एका सिलिंडरात कडक पोलादाच्या सळ्या होत्या, ड्रिल लागू न देणाऱ्या. ते वाचून मला बरं वाटलं. माझ्या मनात चोर होता. रिपोर्टच्या खोलीत लोकांच्या आजारांचे कागद असतात. ते गेले आणि चौकशीत माझं नाव आलं, असं मला स्वप्नातही दिसायचं.

माल बघायला मी द्वारका चौकाजवळच्या एका किल्लीवाल्या चाचांकडे गेले. पत्र्याचं छोटं दुकान, भिंतभर किल्ल्या. त्यांनी माझी वही दोन मिनिटं वाचली.

"ताई, पेपर सोपा होता का?" ते म्हणाले.

मी हसले नाही. पोलादी सळ्यांच्या सिलिंडरावर बोट ठेवलं.

"माल चांगला आहे," ते म्हणाले. "पण यात आतून चावी लावून तशीच ठेवली, तर बाहेरची चावी चालत नाही. अर्ध्यावर अडते. हे दुसरं घ्या. तेवढंच मजबूत. आत चावी असली तरी बाहेरून उघडतं. आठ दिवसांत मागवून देतो."

"आत किल्ली असताना बाहेरून उघडलं, तर ते कुलूप कसलं?"

"आत कोणी पडलं-झडलं तर?"

"तिथे फायली असतात चाचा. माणसं राहत नाहीत."

ते खांदे उडवून म्हणाले, "ग्रॅज्युएट तुम्ही. मी सातवी नापास."

त्यांनी माझ्याच वहीच्या कोपऱ्यात दुसऱ्या सिलिंडराचा नंबर पेन्सिलीने लिहून दिला. मी वही मिटली आणि पोलादी सळ्यांची नऊ सिलिंडरं घेऊन आले. खरं सांगायचं तर चाचांचं म्हणणं मला कळलं होतं. पण दोन्हीकडून उघडणारं म्हणजे कुठेतरी वाट ठेवणारं, आणि वाट म्हटलं की मला चोरच दिसायचा.

केंद्रात झाडलोट करणाऱ्या एक मावशी आहेत. पन्नाशीच्या. रिपोर्टच्या खोलीची एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी माझ्या कपाटात. नवी कुलपं बसली त्या दिवशी त्यांनी किल्ली आतून घालून फिरवून पाहिली आणि तशीच राहू दिली.

"काढून ठेवा मावशी," मी म्हटलं.

"का गं? आमच्या वस्तीत एकदा आग लागली होती. शेजारीण चावी शोधत बसली, हात भाजून घेतला तिनं. तेव्हापासनं आत असले की चावी कुलपातच. पळताना हाताला लागली पाहिजे."

त्यांना आगीची भीती, मला चोराची. मला त्या क्षणी चाचांचा प्रश्न आठवला. मी म्हटलं, "बरं, पण लक्ष ठेवा," आणि कामाला लागले. नक्की कशावर लक्ष ठेवायचं ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चूक झाली हे कबूल करावं लागलं असतं.

नवरात्र आलं. आमच्याकडे सगळ्या बायका रोज त्या त्या दिवसाच्या रंगाची साडी नेसतात आणि दुपारी जिन्यावर फोटो काढतात. मावशी युनिफॉर्ममध्ये येतात, म्हणून फोटोआधी रिपोर्टच्या खोलीत साडी बदलायच्या. त्यांचे नऊ दिवसांचे उपास होते. मी विचारलं होतं, "शुगरची गोळी?" त्या म्हणाल्या, "गोळी घेते की. गोळीनं कुठं उपास मोडतो?" आम्ही दोघीही डॉक्टरांच्या इमारतीत काम करतो आणि त्यातलं धोक्याचं काय ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

पाचव्या दिवशी हिरवा रंग होता. आम्ही जिन्यावर उभ्या राहिलो, मावशी आल्या नाहीत. कोणी म्हणालं, "मावशी पदर काढतायत अजून." मी फोन लावला. रिपोर्टच्या खोलीतून आरतीची रिंगटोन वाजली. पूर्ण वाजली आणि थांबली. पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजली.

मी कार्ड दाखवलं. खटका सुटल्याचा आवाज आला, दार हललं नाही. दांडा टाकलेला होता. कपाटातून किल्ली आणून घातली. ती अर्ध्यावर अडली.

तो अडण्याचा धक्का मला अजून बोटांत जाणवतो. आत काय आहे हे त्या मजल्यावर एकट्या मला माहीत होतं. कुलपाच्या दुसऱ्या बाजूला मावशींची किल्ली होती, आणि ती तिथे असेपर्यंत माझी किल्ली काही कामाची नव्हती.

"मावशी, किल्ली काढा. नुसती ओढा," मी दाराला तोंड लावून ओरडले. आतून काही घासल्यासारखा आवाज आला, मग तोही थांबला. खोलीला खिडकी नव्हती.

आमचे इलेक्ट्रिशियन दादा ड्रिल घेऊन धावत आले. मी म्हणाले, "लागणार नाही." ते म्हणाले, "सरका ताई." ड्रिल किंचाळलं, पितळेचा चुरा पडला, आणि मग नुसता लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. त्यांनी ड्रिलचं टोक बदललं. दुसरंही बोथट झालं. "काय बसवलंय हे?" ते घाम पुसत म्हणाले. हेच गुण मी वहीत लाल शाईने अधोरेखित केले होते.

मी चाचांना फोन लावला. फोन दोन्ही हातांनी धरला.

"चाचा, आत चावी आहे. आणि आत माणूस आहे."

त्यांनी मला टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

"ड्रिल थांबवा," ते म्हणाले. "ते कुलूप नाही हरणार. दार कुठे उघडतं, बाहेर की आत?"

"बाहेर."

"मग बिजागऱ्या तुमच्या बाजूला आहेत. कुलपाकडे बघूच नका. बिजागरीची पिन खालून वर ठोका. मी निघालो, पण सिग्नलला गर्दी आहे. माझी वाट बघू नका."

तीन बिजागऱ्या होत्या. दादांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली लावून हातोडी मारली. वरची पिन निघाली. खालची निघाली. मधली रंगाने धरून ठेवलेली होती. दादा ठोकत होते आणि मी मोजत होते. का मोजत होते माहीत नाही. सत्तावीसपर्यंत मोजल्याचं आठवतं. मध्येच मी आतल्या शांततेकडे कान लावायची आणि वडिलांचा चेहरा समोर यायचा. त्यांना हे मी कसं सांगणार होते?

पिन निघाली तशी दादांनी पहार घालून दार बिजागरीच्या बाजूने चार बोटं ओढलं, मग वीतभर. फटीतून मावशींचा पाय दिसला आणि त्यावर अर्धवट नेसलेली हिरवी साडी. दादांनी पटकन तोंड फिरवलं. त्यातल्या त्यात बारीक मीच होते. मी अंग चोरून आत घुसले. मावशी कपाटाला टेकून पडल्या होत्या, अंग घामाने गार. श्वास चालू होता. मी त्यांच्या अंगावर पदर टाकला, कुलपातली किल्ली फिरवून दांडा मागे घेतला आणि दार मोकळं केलं. मॅडम आत आल्या, बोटाला सुई टोचून शुगर बघितली, ती उपाशीपोटी घेतलेल्या गोळीने फार उतरली होती, आणि ग्लुकोजचं सलाईन मागवलं.

अर्ध्या तासाने मावशींनी डोळे नीट उघडले. पहिलं वाक्य होतं, "फोटो झाला का?"

चाचा आले तेव्हा दार भिंतीला टेकून उभं होतं. त्यांनी कुलपावरच्या ड्रिलच्या खुणांवर बोट फिरवलं आणि दादांना म्हणाले, "इतकं मजबूत कुलूप आणि बिजागऱ्या बाहेर. चोराला कळलं असतं तर तुमच्या केंद्राचं काही खरं नव्हतं." मग माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "आज बाहेर होत्या ते बरं झालं."

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, "आत किल्ली असताना बाहेरून उघडणारी सिलिंडरं मिळत नाहीत का?"

चाचा मॅडमना काही बोलले नव्हते. मावशींना माहीत नव्हतं. मिळत नाहीत असं मी म्हणाले असते तरी चाललं असतं. मी वही उघडून कोपऱ्यातला पेन्सिलीचा नंबर दाखवला. "मिळतात. मला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. मावशी किल्ली आत ठेवतात हेही मला माहीत होतं."

मॅडमनी वही स्वतःकडे ओढून तो नंबर वाचला. मी मनात सामान भरायला घेतलं होतं.

"मागव," त्या म्हणाल्या. "आणि बसवल्यावर प्रत्येक दार तू स्वतः तपास. आत किल्ली ठेवून."

आठ दिवसांनी नवी सिलिंडरं बसली. रिपोर्टच्या खोलीची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, आत कोणी नको, किल्ली आत अडकवून दार बाहेरूनच लावू. पण त्या दिवशीसारखं दार आतूनच लावून तपासायचं तर कोणीतरी आत असावंच लागणार होतं.

"मी जाते," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही नको."

"मग कोण? खोली माझी आहे. आणि आज मी जेवलेय, डबा बघ हवा तर."

त्या आत गेल्या. दांडा पडल्याचा आवाज आला. आतून त्या म्हणाल्या, "चावी कुलपातच आहे बरं. उघड आता."

मी किल्ली घातली. ती अर्ध्यावर अडली नाही, पार आत गेली. तरी मला ती फिरवता येईना. चाचा शेजारी उभे होते, पण त्यांनी हात पुढे केला नाही. आतून मावशी म्हणाल्या, "अगं, झोपलीस का तिथं?" तेव्हा कुठे मी मनगट वळवलं.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघी नऊही दारं अशीच तपासतो. मावशी आत, मी बाहेर. दर वेळी किल्ली फिरवण्याआधी माझा हात थांबतो, आणि दर वेळी आतून मावशींची हाक येते.