घारताईचे सात ठिपके

घारताईने निदान चार हजार सिनेमे शेवटच्या पाटीपर्यंत बघितले होते आणि त्यांतल्या एकाचीही गोष्ट तिला धड सांगता आली नसती. आमची नोकरीच तशी होती. डीव्हीडी छापायच्या कारखान्यात छपाईआधी एक नमुन्याची डिस्क निघते. ती बसून बघायची आणि तिच्यातले दोष शोधायचे. चित्र फाटलं, आवाज मागे पडला, कुठे धुळीचा कण राहिला, की डिस्क थांबवायची आणि टीव्हीच्या कोपऱ्यात दिसणारी तास-मिनिटं-सेकंद पत्रकावर उतरवायची. "गोष्टीत जीव गुंतला की दोष निसटतो," असं ती म्हणायची. नायिका शेवटचा श्वास घेत असली तरी हिचं लक्ष उशीच्या कोपऱ्याकडे.

घारताई हे नाव आम्हीच ठेवलेलं, नजरेवरून. दहा वर्षं माझी खोली तिच्या शेजारी होती, मधे एक प्लायवूडची भिंत. मला ती टकळी म्हणायची, कारण माझं तोंड मिटत नाही. ती डोळ्यांत तेल घालून बघायची, मी चहात बिस्कीट बुडवून. मी चुकार आहे हे आधीच कबूल करते, कारण ते पुढे लागणार आहे.

त्या वर्षी एका उडणाऱ्या सुपरहिरोचे तिन्ही सिनेमे एका खोक्यात घालून विकायचे ठरले होते. आम्ही त्याला उडता बाप्या म्हणायचो. बाप्या आभाळात उडतो, खाली शहर कोसळतं, तो सावरतो, आणि पुढच्या भागात ते पुन्हा कोसळतं. खोक्याची तारीख जाहीर झाली होती. आमचे साहेब, ज्यांना पाठीमागे सगळे घाईसाहेब म्हणत, दिवसातून चारदा जिन्यावरून डोकावून "झालं का?" विचारायचे.

पहिला भाग घारताईकडे गेला. सोमवारी सकाळी तिच्या पत्रकावर सात दोष होते आणि सातही एकाच प्रकारचे. बाप्या मोकळ्या आभाळात उडतो तिथे काळे ठिपके. वरच्या मजल्यावर डिस्क तपासायचं यंत्र आहे, साहेबांनी त्याला विचारलं. यंत्र म्हणालं, डिस्क स्वच्छ आहे. घारताईच्या पत्रकाला यंत्राने नाही म्हणायची ही एकोणीस वर्षांतली पहिली वेळ. साहेबांनी मला बाजूला घेऊन डिस्क हातात ठेवली. "तिला कळू देऊ नका. फक्त ती सात ठिकाणं बघा."

मी बघितली. एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात कप. आभाळ, आभाळ, आभाळ. सातव्यापर्यंत मला कंटाळा आला होता. मी वर जाऊन सांगितलं, "काही नाही."

बुधवारी दुसरा भाग. या वेळी पत्रकावर नऊ दोष, 'डाव्या कडेला वीज चमकल्यासारखा प्रकाश.' बाप्याच्या दुसऱ्या भागात अर्धा वेळ काळोखी भुयार आहे, तिथे कसली वीज? मला पुन्हा बोलावणं आलं. मी पुन्हा बघितलं. काही नाही. साहेबांनी पेनचं टोपण तीनदा उघडलं, तीनदा लावलं. "बाईंना भास व्हायला लागले की काय? तिसऱ्यातही असंच निघालं तर त्यांना खाली पॅकिंगला पाठवावं लागेल." दार उघडंच होतं, आणि बाहेर येते तर घारताई जिन्यावर उभी. तिने काय ऐकलं ते मी विचारलं नाही. तिने माझ्या हातातली डिस्क बघितली आणि आल्या पावली खाली उतरली. दहा वर्षं जिने माझ्या चुका स्वतःच्या पत्रकावर सांभाळून घेतल्या, तिच्यामागे मी हे उद्योग करत होते.

गुरुवार-शुक्रवार ती तिसऱ्या भागावर बसली. मधल्या भिंतीला एक फट आहे. एरवी तिच्या खोलीतून दर दहा-पंधरा मिनिटांनी आवाज थांबायचा, पेन खरखरायचं, पुन्हा आवाज सुरू. त्या दोन दिवसांत सिनेमा सलग चालू होता. एकदाही थांबला नाही. जेवायच्या सुट्टीत ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि भिंतीकडेच बघत राहिली. मधेच डावा डोळा मिटे, उघडे. मी म्हटलं, "ताई, काय गं?" ती म्हणाली, "कुठे काय."

शुक्रवारी अडीच वाजता तिने पत्रक ट्रेमध्ये ठेवलं. चार वाजता डिस्क छपाईला जाणार होती. मी सहज म्हणून पत्रक उचललं. कोरं होतं. खाली सही आणि एक शब्द, 'निर्दोष.'

तुम्हाला वाटेल, बरंच झालं की. मला घाम फुटला. घारताईचं पत्रक कधीच कोरं नसे. अगदी चकचकीत डिस्कवरही ती अर्ध्या सेकंदाची काहीतरी खोट काढायची. मी डिस्क लावली आणि जिथे मारामारी फार तिथे पळवत नेली, कारण चित्र फाटतं ते तिथेच. एक तास बारा मिनिटांवर बाप्याच्या अख्ख्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. चांगले दोन सेकंद. आंधळ्यालाही दिसलं असतं, असं माझ्या मनात आलं, आणि तो शब्द मनात येताच मी रिमोट तिथेच टाकला.

मी तिच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ती काळ्या टीव्हीसमोर बसली होती.

"ताई, तू तिसरा भाग बघितलास?"

"ऐकला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"डोळे मिटून बसले होते. दोन्ही दिवस." तिचा आवाज इतका साधा होता की मला तिला हलवावंसं वाटलं. "टकळे, ते ठिपके डिस्कमध्ये नाहीत. मला दुसऱ्या भागालाच कळलं, तरी डिस्कच्याच नावावर लिहिलं. त्या प्रकाशाची वेळ लिहायला मी पॉज दाबलं. चित्र थांबलं. प्रकाश थांबला नाही. मग आभाळ लावलं, पॉज केलं. आभाळ जागच्या जागी, आणि ठिपके आपले चाललेत. मी नजर वळवली की तेही वळतात."

"आणि आता?"

"आता डाव्या डोळ्यात खालून सावली चढतेय. काल इथवर होती." तिने बोट गालावर ठेवलं. मग ते थोडं वर नेलं. "आज इथवर आहे."

मला भयंकर राग आला. भीती वाटली की मला रागच येतो. "अगं बाई, डिस्कवर केस दिसला तर तासाभरात वर कळवतेस, आणि स्वतःचा डोळा चार दिवस अंगावर काढतेस? दुसऱ्याचं बघावं वाकून आणि आपलं ठेवावं झाकून, हीच का तुझी तपासणी? भावोजींना तरी सांगितलंस?"

भावोजी म्हणजे तिचे यजमान, घरीच शिवणकाम करतात. सुईत दोरा मात्र लग्नापासून हीच ओवून देते. "काल दोरा तीनदा हुकला," ती म्हणाली. "ह्यांना म्हटलं, दोराच खराब आहे." आणि मग जे इतके दिवस घट्ट धरून ठेवलं होतं ते सुटलं. "माझे वडील पन्नाशीत आंधळे झाले. दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. पाऊल वाजलं की विचारायचे, 'कोण?' मी पाणी द्यायला गेले तरी 'कोण?' अकरा वर्षं, टकळे. मला यंदा पन्नासावं लागलं. डॉक्टरने तोंडाने सांगितलं की ते खरं होतं गं. तोवर वाटतं, असेल डिस्कमध्येच." मी तिचे हात धरले. ते बर्फासारखे गार होते, आणि माझे काही वेगळे नव्हते.

बाहेर जिन्यावर घाईसाहेबांचे बूट वाजले. "झालं का?"

घारताईने हात सोडवून घेतला. कोरं पत्रक पुढे ओढलं, 'निर्दोष'वर आडवी रेघ मारली. मी तिला एक तास बारा मिनिटांवरचे चौकोन सांगितले, ते तिने लिहिले. मग खाली, त्याच गोल अक्षरात, जणू आणखी एक डिस्क तपासत असावी तसं लिहिलं, 'तपासणाऱ्या व्यक्तीचा डावा डोळा. पहिल्या भागात ठिपके, दुसऱ्यात प्रकाश, तिसऱ्यात खालून वर सरकणारी सावली. ही तपासणी ग्राह्य धरू नये.' सही केली, घड्याळ बघून वेळ टाकली आणि दार उघडून पत्रक साहेबांच्या हातात दिलं.

साहेबांनी वाचलं. मला वाटलं, आता पॅकिंगचं निघणार. त्यांनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा घाई योग्य ठिकाणी केली. "बघत काय उभ्या आहात? गाडीत बसा दोघी!"

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्रास केव्हापासून?" घारताईने पर्समधून आपल्या पत्रकांच्या नकला काढल्या. "ठिपके सोमवारी सकाळी दहा बेचाळीसला. प्रकाश बुधवारी, सव्वाबाराच्या सुमारास. सावली काल सकाळी, साडेनऊला." डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, पेशंट 'बरेच दिवस झाले' एवढंच सांगतात, असं कुणी सांगत नाही. मग त्यांनी डोळ्यात थेंब घातले, दिव्याचा झोत टाकला आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. तोवर मी खुर्चीचा हात इतका दाबला की माझं नख मोडलं.

"डोळ्याचा आतला पडदा वरून सुटत आलाय," त्या म्हणाल्या. "मधला भाग अजून चिकटलेला आहे. तो सुटला की नजर गेली. आजच ऑपरेशन करावं लागेल."

"होईल ना बरा?" मी विचारलं.

"प्रयत्न करू," त्या म्हणाल्या. हे दोन शब्द मी कुठल्याही शत्रूला ऐकवणार नाही.

भावोजी गळ्यातली टेप तशीच लटकत ठेवून धावत आले. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ते टेपचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. एकदाच बोलले. "दोरा खराब आहे म्हणाली. मी दुकानदाराशी भांडून आलो."

पुढे दोन महिने तिची मान डॉक्टर सांगतील त्या बाजूला, डोळ्यात औषध, आणि घरात कुणी मोठ्याने काही विचारायचं नाही. मी जायचे तेव्हा दारातूनच स्वतःचं नाव ओरडायचे. तिने 'कोण?' म्हणायची वेळ येऊ नये, एवढीच माझी धडपड. डोळा सुधारतोय असं डॉक्टर म्हणत. पट्टी गेल्यावरही ती मात्र चमकत्या गोष्टींकडे बघायचं टाळायची. खिडकीकडे पाठ करून बसायची. आभाळ तर नकोच.

बाप्याचं खोकं तोवर दुकानांत पोचलं होतं. एका रविवारी दुपारी मी ते घेऊन गेले. "ताई, एकदा बघून टाक. गोष्ट तरी कळेल." ती नको नको म्हणाली, मग अचानक उठून पुढच्या खुर्चीत बसली. भावोजींनी मशीन थांबवलं. पहिला भाग लागला. बाप्या उडाला, मोकळं निळं आभाळ टीव्हीभर पसरलं, आणि तिने तळहाताने उजवा, चांगला डोळा झाकला. ऑपरेशन झालेल्या एकट्या डोळ्याने ती बघत राहिली.

"ठिपका," ती म्हणाली.

भावोजींच्या हातून कात्री पडली. मला काहीच दिसलं नव्हतं. "कुठे?" मी कसंबसं विचारलं.

"वर, उजवीकडे. मागे घे. पॉज कर."

मी रिमोट दाबला. मागे घेतलं. पॉज केलं. आभाळ थांबलं. ताई डावा डोळा इकडून तिकडे फिरवत होती. डावीकडे नेला, उजवीकडे नेला, खाली नेला.

"टकळे," ती हळूच म्हणाली, "नजरेबरोबर येत नाहीये. तो थांबलाय."

मी टीव्हीला नाक लावलं. तिथे होता. राईएवढा काळा ठिपका, धुळीचा कण, डिस्कमध्ये छापला गेलेला. एकोणचाळीस मिनिटं बारा सेकंद. तिच्या पत्रकावरचा चौथा दोष, ज्याला यंत्राने नाही म्हटलं आणि मीही कपातून डोकं वर न काढता नाही म्हटलं. घरोघरी गेलेल्या प्रत्येक खोक्यात तो होता.

"सातातले सहा माझे," घारताई म्हणाली, "पण हा तुमचा." आणि ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि भावोजी त्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणत राहिले, "आहे की! खरंच आहे की!"