पत्रकात नसलेली जखम

त्या दुष्काळात उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मी पत्रकं लिहीत होते. बायकांना रूप विकणाऱ्यांविरुद्धही एक खरमरीत पत्रक लिहून झालं होतं. आणि तरी नांदेडला जाऊन, कुणाला न सांगता, गालांवरच्या मुरुमांच्या खड्ड्यांवर मी लेझर करून घेतलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं. काही दिवस कातडी कच्ची राहील, ऊन लागू द्यायचं नाही, खपली खरवडायची नाही, आणि उकळून गार केलेल्या स्वच्छ पाण्यानेच धुवायचं. जंतू शिरले तर डाग राहतील, व्रणही.

उदगीरला परतून भाड्याच्या खोलीत खिडकीला हिरवी ओढणी बांधून मी पडून राहिले. उजेड तळ्याच्या तळाशी असावा तसा. दुपारी मोर्चा गेला. मीच लिहिलेल्या घोषणा दुसऱ्याच गावातून आल्यासारख्या ऐकू आल्या. डोळा लागला की माझा चेहरा आटलेला तलाव व्हायचा आणि त्यात बायका घागरी घेऊन उतरायच्या.

गल्लीत टँकर ज्या टाकीत रिकामा व्हायचा, तिच्यावर माझंच पत्रक होतं : पिण्याचं पाणी फक्त पिण्यासाठी. मग ते या हौसेच्या जखमेला कसं लावणार? मी बोअरचं खारट पाणी वापरलं, तेही न उकळता.

चौथ्या दिवशी गाल ठणकू लागला. उशीला पिवळं काहीतरी चिकटलं. घरमालकीण चाची भाकरी घेऊन आली, ती दारातच थबकली. कुणी मारलं का, तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, पाण्याचंही. ती गेली आणि आपल्या घागरीतलं पाणी उकळून, निववून घेऊन आली. मी नको म्हणाले.

"पत्रक मी बी वाचलंय," ती म्हणाली. "जखम धुवायची न्हाई, असं कुठं लिवलंय त्यात?"

मी गाल पुढे केला.

दुसऱ्या दिवशी तीच मला नांदेडला घेऊन गेली. डॉक्टर रागावले, गोळ्या दिल्या. खपल्या गळायला दोन आठवडे लागले. खालून गुलाबी कातडी आली. डाव्या गालावर मात्र एक काळपट डाग उरला. तो जायला महिने लागतील, कदाचित जाणारही नाही.

त्यानंतर तोंडाला स्कार्फ बांधून पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा ऊन उतरलं होतं. टाकीपाशी रांग होती. पेन काढून पत्रकाखाली लिहिलं : आणि दुखणाईतासाठी, लागेल तेवढं.

कोण आजारी आहे, रांगेतल्या एकीने विचारलं.

मी स्कार्फ सोडला.