सी ड्राइव्हमध्ये राहिलेला आवाज

मोबाईल वाजला आणि त्यावर मोहनचं नाव दिसलं, तेव्हाच मला कळून चुकलं. वर्षभराहून अधिक काळ त्याच्या नंबरवरून फक्त मेसेज येत होते. डॉक्टरांनी त्याचं स्वरयंत्र काढून टाकल्यापासून त्याचा फोन येण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही सवयीने मी म्हणालो, "बोल रे..." पलीकडून सुनंदावहिनींचा आवाज आला. "भाऊजी, मी बोलतेय. हे गेले सकाळी." चिखलोलीहून अंबरनाथ पश्चिमेला पोहोचलो, तेव्हा बिल्डिंगखाली त्याचे जुने विद्यार्थी जमले होते. त्यातले बरेचसे आता पोक्त झालेले, कुणाचे केस गेलेले, पण उभे मात्र वर्गाबाहेर उभे राहायचे तसेच, हळू आवाजात बोलत. आतून सर बाहेर येऊन ओरडतील अशी भीती त्यांना अजून वाटत असावी.

मोहन पाटकर आणि मी अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात स्टोअरला होतो. तिथे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा आम्ही सगळे त्याला लांबूनच नमस्कार करत होतो. मोहन मात्र जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर जाऊन बसायचा. पुढे त्याने चांगली नोकरी सोडली आणि राहत्या घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढला. आम्ही त्याला वेड्यात काढलं. वहिनींनी काढलं नाही, त्यांनी मुकाट्याने दिवाणखाना मागच्या खोलीत हलवला. उल्हासनगरच्या कॅम्पांतून, बदलापूरहून मुलं येऊ लागली, घरकाम आटोपून बायका येऊ लागल्या. मोहन शिकवायचा उत्तम, पण माणूस तिरसट. राग कायम नाकावर. एखादीने माउस हातात धरायच्या आधी "सर, बिघडणार नाही ना?" असं विचारलं, की हा म्हणायचा, "बिघडलं तर मी दुरुस्त करीन, घाबरलात तर मला काही करता येणार नाही."

पहिल्या दिवशी तो कुणालाच कॉम्प्युटरला हात लावू देत नसे. "एक मोरी, एक शेगडी, घरात सहा माणसं," तो सुरू करायचा. "सगळ्यांना एकाच वेळी आंघोळ हवी, एकाच वेळी चहा हवा. तरी मारामाऱ्या का होत नाहीत? कारण आधी कोण, मग कोण, हे कुणीतरी ठरवतं. ते ठरवणारं म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. बाकीचे प्रोग्रॅम म्हणजे घरातली माणसं. कुणी हिशेब करतो, कुणी चित्र काढतो, कुणी गाणी लावतो. पण मोरीत शिरायच्या आधी तिला विचारल्याशिवाय शिरायचं नाही." आतून वहिनी हमखास म्हणायच्या, "आणि ती आजारी पडली की मग तिची किंमत कळते." मोहन न हसता म्हणायचा, "त्याला हँग होणं म्हणतात. लिहून घ्या." मग मेमरी म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे कपाट. काम ओट्यावर चालतं, पण लाइट गेली की ओटा साफ, म्हणून वेळच्या वेळी कपाटात ठेवा, म्हणजेच सेव्ह करा. त्या काळी आमच्याकडे लाइट इतक्या वेळा जायची, की हा धडा दुसऱ्यांदा शिकवावा लागत नसे.

पण त्याचा खरा हट्ट होता तो सी आणि डीचा. डिस्कचे दोन भाग करून एकाला सी म्हणतात, दुसऱ्याला डी. सीमध्ये सिस्टिम राहते. ती बिघडली की सी पुसून नवी सिस्टिम टाकायची, त्यालाच फॉरमॅट मारणं म्हणतात. डीला धक्का लागत नाही. "म्हणून आपलं जे काही आहे ते डीमध्ये. डेस्कटॉप समोर दिसतो म्हणून तिथं फायली ठेवू नका, तोसुद्धा सीमध्येच असतो." हे एवढंच सांगून थांबला असता तर तो मोहन कसला! वर्गात फिरताना कुणाची फाइल डेस्कटॉपवर दिसली, की तो तिथल्या तिथे ती कायमची पुसून टाकायचा. माझ्या मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट त्याने असाच उडवला. पोरगी रडत घरी आली आणि मी तणतणत त्याच्याकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "आज रडली, आता जन्मात विसरणार नाही." आमचं चांगलंच वाजलं. काही महिने बोलणं बंद होतं. पण मुलगी खरंच विसरली नाही. त्याच्या हाताखालून गेलेलं कुणीच विसरलं नाही, आणि तेच आम्हाला महागात पडलं.

घशाचं दुखणं निघालं तेव्हा तो अजून शिकवत होता. आवाज आधी बसला, मग घोगरा झाला, मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं. आम्ही हबकलो. मोहन म्हणाला, "एक पार्ट काढतायत, मशीन चालू राहील." ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात तो दुपारी वर्गाच्या खोलीत एकटाच बसायचा आणि कॉम्प्युटरशी बोलायचा. स्वतःचा आवाज भरून ठेवत होता. वहिनींना त्याने सांगितलं, "हे तुझ्यासाठी आहे, पण मी गेल्यावर ऐक. मी असताना ऐकलंस, तर रोज त्या आवाजाची आणि माझ्या गळ्यात बसणाऱ्या नळीची तुलना करत बसशील." वहिनींनी शब्द पाळला. गळ्यातल्या भोकातून शिट्टीसारखा श्वास घेणारा, पाटीवर लिहून पाणी मागणारा, चिडला की पाटीच आपटणारा नवरा त्यांनी सांभाळला आणि एकदाही त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, माझा बोलणारा माणूस आहे आत. मला घाई नाही."

तेरावं झालं. पाहुणे गेले. वहिनींनी कॉम्प्युटर चालू केला... आणि तो चालूच होईना. पडद्यावर ठिपके गोल गोल फिरत राहिले. त्यांनी हरेशला बोलावलं. हरेशचं उल्हासनगर कॅम्प पाचला दुरुस्तीचं दुकान आहे. मोहनच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी तो. आला, तपासलं आणि म्हणाला, "काकी, सिस्टिम पूरी गई है. सी फॉरमॅट मारावी लागेल. डी को कुछ नहीं होगा. सरांचं सगळं डीमध्येच असणार ना?"

वहिनी म्हणाल्या, "त्यांचं दुसरीकडे कुठं असणार?"

दुसऱ्या कुणाचाही कॉम्प्युटर असता तर हरेशने आधी डिस्क काढून सीमधल्या फायली उतरवून घेतल्या असत्या. दुकानात तो रोज तेच करतो. पण हा पाटकर सरांचा कॉम्प्युटर होता. सरांच्या सीमध्ये काही शोधणं त्याला त्यांचा अपमान वाटला असणार. त्याने सी पुसली, नवी सिस्टिम टाकली, डी उघडली. धडे, परीक्षेचे पेपर, लग्नाचे फोटो, लाइटची बिलं, सगळं आपापल्या जागी, नावं घालून ठेवलेलं. आवाज तेवढा नव्हता. हरेशने पुन्हा पुन्हा शोधलं. मग तो उठून बाहेर जिन्यात जाऊन बसला. वहिनींनी मला फोन केला तेव्हा त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोहनच शिकवायचा, की फाइल पुसली तरी लगेच जात नाही. दारावरची पाटी तेवढी निघते, माणूस आत असतोच, दुसरं बिऱ्हाड येईपर्यंत. इथे नवी सिस्टिम येऊन राहिली होती. हरेश डिस्क दुकानात घेऊन गेला आणि दुसरी सगळी कामं बाजूला सारून तिच्यामागे लागला. त्याला फायलींची नावं सापडली. 'सुनंदा', 'सुनंदा दोन', 'सुनंदा शेवट'. आवाज भरायचा प्रोग्रॅम फाइल आपणहून सीमध्ये ठेवतो. मोहनने ती हलवलीच नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकीच्या जागी ठेवलेल्या फायली उडवणाऱ्या माणसाने फाइल कुठे जातेय ते पाहिलंसुद्धा नव्हतं. एक पार्ट काढतायत म्हणत होता... तो घाबरला होता. त्या आठवड्यात तो इतका घाबरला होता, की त्याला त्याचं सी आणि डीसुद्धा सुचलं नाही. आणि आम्ही त्याच्या विनोदाला हसत होतो. मला त्याचा राग येतो. अजून येतो. घाबरलो म्हणाला असता तर मी जाऊन बसलो असतो शेजारी. पण त्याने ते पाटीवरसुद्धा लिहिलं नाही.

गेल्या रविवारी हरेश कॉम्प्युटर परत घेऊन आला. मान वर न करता म्हणाला, "काकी, सब गया. एकच तुकडा बचा है, तोही सुरुवातीचा. बाकी सगळ्यावर नवीन लिहिलं गेलंय." त्याला तो लावायची हिंमत होत नव्हती. वहिनी मोहनच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मी त्यांच्या मागे उभा होतो. "लाव," त्या म्हणाल्या.

आधी नुसती खरखर आली. मग घसा खाकरल्याचा आवाज. लांब कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. आणि मग मोहनचा आवाज खोलीत आला, त्याचा मूळचा, चिडका, भरदार आवाज. "अगं, ते दार लाव ना! कुकरच्या शिट्ट्या येतायत सगळ्या यात..." आणि पुढे काही नाही. हरेशने तोंड फिरवलं.

वहिनी उठल्या, स्वयंपाकघराकडे गेल्या आणि दार लावून परत येऊन बसल्या.