एका विटेएवढं भोक

लग्न होऊन जामखेडहून इथं आले तेव्हा माहेरी ऐटीत सांगितलं होतं, नगर शहरात आमचा बंगला आहे. बंगला म्हणजे नागापूरच्या अलीकडे, बाजरीच्या रानात पाडलेल्या प्लॉटवर पत्र्याच्या दोन खोल्या. आमचे हे तिथल्याच एका कारखान्यात कामाला. रस्ता नव्हता, तरी मी उंच टाचांची चप्पल घालून ढेकळांतून चालायचे. आख्खी कॉलनी बघायला दारात यायची. आख्खी म्हणजे चार घरं.

शेजारीण ख्रिस्ती, शाळेत शिकवायची, माझ्याच वयाची. दोघींच्या मध्ये भिंत घालायची ठरली, तेव्हा मी बंगलेवाली गवंड्याला म्हणाले, "सलग घाल. फट दिसता कामा नये." पहिल्याच उन्हाळ्यात माझा नळ कोरडा आणि तिच्याकडे धार. मग मीच पहारीनं एक वीट पाडून रबरी नळी पलीकडे सरकवली.

"बंगल्याला भोक पडलं की गं," ती म्हणाली.

तेव्हापासून नेमच झाला. जिच्याकडे पाणी आधी येईल, तिनं भोकातून हाक मारायची, "पाणी आलं गं." तिच्या नाताळच्या करंज्या तिथूनच यायच्या, माझ्या दिवाळीच्या तिथूनच जायच्या. माझ्या फुटलेल्या असायच्या. मी दोष भोकाला द्यायचे. भोवती बाजरी जाऊन दुकानं आली, भाडेकरूंच्या चाळी आल्या, डांबरी रस्ता आला. तोवर माझी टाचांची चप्पल कधीच फाटून गेली होती.

हे गेले तेव्हा कितीतरी दिवस तिचा चहा त्या भोकातून यायचा.

गेल्या वर्षी तिचे गुडघे गेले म्हणून मुलानं तिला पुण्याला नेलं. घर विकलं. आता तिथं फ्लॅट होताहेत. जुनी भिंत पाडून बिल्डरनं नवी, उंच घालायला घेतली. मी खुर्ची टाकून तिथंच बसले होते.

"बाबा, एक वीट सोड," मी गवंड्याला म्हणाले.

"आजी, पलीकडं पार्किंग हाय. साहेब मलाच बोलंल."

"नळी घालायची आहे."

"कुनाकडं?"

त्यानं वीट बसवली.

तेवढ्यात तिचा फोन आला. रोज याच वेळेला येतो.

"पाणी आलं का गं?"

"आलं."

"आणि आपलं भोक?"

गवंडी ओल्या सिमेंटवरून थापी फिरवत होता.

"आहे की," मी म्हणाले. "नळी सोड."