आईबापाची उंची

वाल्डो फ्रीझन कॅनडातल्या सस्कॅचवानच्या गावोगावी बर्फावरच्या हॉकीसाठी पोरं हेरत हिंडायचा. स्केटिंग पोराचं बघायचं, आणि पोरगं किती वाढणार हे प्रेक्षकांत बसलेल्या आईबापावरून ताडायचं, हा त्याचा खाक्या.

कोल्बी बर्फावर मासोळीसारखा वळायचा, पण चणीने अगदीच बारका. मात्र "आमचा कोल्बी!" म्हणून बोंबलणारं जोडपं चांगलं ताडमाड होतं. "दोन वर्षांत दाराला डोकं आपटेल ह्याचं!" असं छातीठोक सांगून वाल्डोने आपल्या संघाच्या मॅनेजरला पोरगं घ्यायला लावलं.

पहिल्या सामन्याला कोल्बीचे खरे आईबाप आले. दोघंही जेमतेम वाल्डोच्या खांद्याला लागत होते. ते ताडमाड जोडपं म्हणजे, खेळापायी घर सोडून आलेल्या कोल्बीला ठेवून घेणारे यजमान!

"वाल्डो, डोळे तपासून घे!" मॅनेजर खेकसला. तेवढ्यात दोन धिप्पाड गड्यांच्या मधून कोल्बी सुळकन निसटला आणि गोल! मॅनेजरने वाल्डोला मिठीच मारली.

सामना संपल्यावर कोल्बीच्या आईने वाल्डोच्या हातात गरम कॉफी ठेवली. "भाऊ, पोराचा खेळ बघितलात तो तुम्ही एकट्यानेच. बाकीचे मेले आम्हा दोघांकडे बघूनच निघून जायचे."

पहिल्याच घोटाला वाल्डोला जोराचा ठसका लागला.